वर्डमध्ये फोटो पळतो, तक्ता तुटतो: अहवालाचं पान बांधायचं कसं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सेलू भागातल्या महिला बचत गटांच्या प्रभागसंघाचा वार्षिक अहवाल तुम्ही वर्डमध्ये करताय. पंचवीस-तीस पानं, बैठकांचे फोटो, कर्जवाटपाचे तक्ते, एखाददुसरा आलेख. "फोटो टाकला की मजकूर खाली पळायलाय, तक्ता मधेच तुटायलाय, घरी चांगलं दिसायलंय अन् झेरॉक्सवाल्याकडं गेलं की सगळं इस्कटायलंय," असं तुम्ही लिहिलंय. शेवटी विचारलंय की अहवाल आकर्षक दिसावा म्हणून कोणती बॉर्डर आणि कोणतं वर्डआर्ट वापरू, आणि छोटी पुस्तिका करता येईल का.

मी परभणीत डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. मार्च संपला की अशा फायली पेनड्राइव्हवर रोज येतात, त्यामुळे तुमची फाईल न उघडताही आत काय असेल याचा अंदाज आहे. बॉर्डरचं नंतर बघू. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. पानावरची प्रत्येक वस्तू तुम्ही डोळ्यांनी बघून, स्पेस आणि एंटर मारून जागेवर बसवलीय. त्या वस्तूचं मजकुराशी नातं काय, हे वर्डला कुणी सांगितलेलंच नाही. मग वर एक ओळ वाढली, फॉन्ट बदलला किंवा प्रिंटर बदलला की सगळं हलणारच.

खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकदम दाबा. प्रत्येक स्पेसच्या जागी ठिपका आणि प्रत्येक एंटरच्या जागी उलट्या पीसारखं चिन्ह दिसेल. शीर्षकाआधी ठिपक्यांची रांग आणि फोटोखाली आठ-दहा रिकामी चिन्हं दिसली तर दुखणं तिथंच आहे. काम संपेपर्यंत ही चिन्हं चालूच ठेवा. ती छापली जात नाहीत.

सुरुवात कागदापासून करा, आणि एक अक्षर टाइप करण्याआधी करा. लेआउट टॅबमध्ये साइज बघा. बऱ्याच संगणकांवर तिथं लेटर हा अमेरिकी कागद निवडलेला असतो. आपल्याकडे छपाई होते ए-४ वर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. लेटर कागद त्याहून ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड असतो. म्हणजे घरी लेटरवर जुळवलेलं पान दुकानात ए-४ वर घेतलं की प्रत्येक ओळ थोडी आधी तुटते आणि पानाच्या तळाला दोन-तीन ओळींची जागा उरते. तिसाव्या पानापर्यंत हा फरक साचत जातो. तुमच्या "इस्कटायलंय"चं निम्मं कारण इथं सापडण्याची दाट शक्यता आहे. लीगल हा लांब कागदही अहवालाला लागत नाही.

मग मार्जिन. अहवालाला डावीकडून भोकं पाडून फाईलला लावणार, की स्पायरल करणार? दोन्हीत डावीकडचा साधारण एक सेंटिमीटर जातो. म्हणून डावीकडे ३ आणि उजवीकडे २ सेंटिमीटर ठेवा. मजकुराला बरोबर १६ सेंटिमीटर रुंदी उरते. हा १६ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे फोटोंच्या हिशोबाला लागेल. वर्डमध्ये मापं इंचात दिसत असतील तर फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड असं जाऊन डिस्प्लेखाली सेंटिमीटर निवडता येतं. पाठपोट छापणार असाल तर मार्जिनच्या यादीत मिरर्ड निवडा, म्हणजे बांधणीची बाजू पान पालटताना आपोआप पालटते.

आता फॉन्ट. मराठी अहवालात मांडणी बिघडते ती बहुतेक वेळा इथंच, आणि वर्ड शिकवणारे क्लासवाले नेमकं हेच सांगत नाहीत.

श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरांत, आणा. जुन्या फॉन्टमध्ये आतली अक्षरं इंग्रजीच असतात, वरून फक्त मराठी मुखवटा असतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की अहवालाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा उघडतो. युनिकोडमध्ये फॉन्ट नसला तरी मजकूर वाचता येतो, वळण तेवढं बदलतं. मात्र वळण बदललं की ओळींची लांबी बदलते आणि पानं पुन्हा सरकतात, हेही खरंच.

वर्ड एकाच मजकुरासाठी दोन फॉन्ट लक्षात ठेवतं, एक इंग्रजीसाठी आणि एक आपल्यासारख्या लिप्यांसाठी. दुसऱ्याला तिथं कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट म्हणतात. कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची खिडकी उघडलीत की दोन्हींचे नाव आणि आकार वेगवेगळे दिसतील. ते दिसत नसतील तर ऑप्शन्समध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. स्टाईल बदलताना तुम्ही आकार १४ करता आणि मराठी अक्षर जागचं हलत नाही, याचं कारण हेच असतं. तुम्ही इंग्रजीचा आकार बदललेला असतो. दुसरा घोळ आणखी छुपा आहे. मराठी वाक्यात इंग्रजी आकडे टाइप केले तर ते आणि बऱ्याचदा कंससुद्धा इंग्रजी फॉन्टमधून येतात. मग "बचत" हा शब्द एका जाडीचा आणि शेजारची रक्कम दुसऱ्याच जाडीची दिसते. यावर सोपा उपाय म्हणजे ज्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरं एकाच हातची आहेत असा फॉन्ट घ्यायचा आणि दोन्ही जागी तोच लावायचा. मुक्त हा फॉन्ट असा आहे, फुकट मिळतो आणि बारीकपासून ठसठशीतपर्यंत सात जाड्यांत येतो. पुस्तकी वळण आवडत असेल तर तिरो देवनागरी मराठी बघा. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. विंडोजमधले कोकिळा आणि अपराजिता देखणे आहेत, पण नाजूक. त्यातलं १२ आकाराचं अक्षर ज्येष्ठ सभासदांना चष्मा लावूनही वाचवत नाही, तिथं १६ लागतो. मंगल किंवा मुक्तमध्ये १२ पुरे. एकच फॉन्ट अख्ख्या अहवालाला चालतो. शीर्षकाला जाड, मजकुराला साधा, एवढाच फरक करा.

आकड्यांबद्दल एवढंच की देवनागरी घ्या नाहीतर इंग्रजी, पण एका अहवालात एकच. बँकेला प्रत जाणार असेल आणि तक्ते एक्सेलमधून येणार असतील तर इंग्रजी आकडे ठेवण्यात कमीपणा नाही.

ओळींमधल्या अंतराचं लक्ष देऊन वाचा. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. पॅराग्राफच्या खिडकीत लाइन स्पेसिंगला एक्झॅक्टली निवडलं आणि आकडा कमी पडला की "कर्जांची"मधला रफार आणि "समूह"मधला दीर्घ ऊ कापला जातो. पडद्यावर कधी नीट दिसतं आणि कागदावर कापलेलं येतं. तिथं मल्टिपल निवडा आणि मुक्तसाठी १.१ ते १.२ ठेवा. मंगलची ओळ मुळातच उंच असते, तिला १ पुरे. दोन परिच्छेदांमधलं अंतर रिकाम्या एंटरनं द्यायचं नाही. त्याच खिडकीत आफ्टर आहे, तिथं ६ किंवा ८ पॉइंट द्या.

याच एक्झॅक्टलीमुळे आणखी एक गंमत होते. फोटो टाकला आणि त्याची नुसती वरची किंवा खालची पट्टी दिसतेय, बाकी गायब, असं झालं तर फोटो बिघडलेला नसतो. ज्या ओळीत तो बसलाय तिची उंची तुम्ही बांधून टाकलेली असते. त्या ओळीचं अंतर सिंगल केलं की अख्खा फोटो दिसतो.

दोन्ही कडा समान करणारं जस्टिफाय मराठीत जपून वापरा. "महिलासक्षमीकरणासाठीच्या" असले लांबलचक शब्द ओळीत मावत नाहीत, ते सबंध खाली जातात आणि वरच्या ओळीत बैलगाडी जाईल एवढ्या फटी पडतात. पूर्ण रुंदीच्या मजकुरात ते खपतं, दोन कॉलममध्ये मात्र डावीकडूनच लावा. अक्षरांमधलं अंतर वाढवून शीर्षक ताणायचं नाही, शिरोरेषा तुटते. आणि शीर्षकाखाली अंडरलाइन मारली की ती उकारांना छेदून जाते. त्यापेक्षा परिच्छेदाला खालची बॉर्डर द्या, ती अक्षरापासून लांब ठेवता येते.

शीर्षकांना हाताने मोठं-जाड करत बसू नका. प्रकरणाच्या नावाला हेडिंग १ आणि उपशीर्षकाला हेडिंग २ ही स्टाईल लावा, मग ती स्टाईल एकदाच बदलून हवा तो आकार आणि रंग द्या. अनुक्रमणिका रेफरन्सेस टॅबमधून आपोआप तयार होते. त्याहून मोठा फायदा असा की हेडिंगमध्ये "कीप विथ नेक्स्ट", म्हणजे पुढच्या परिच्छेदाला धरून राहायची सोय, मुळातच चालू असते, म्हणून शीर्षक पानाच्या तळाशी एकटं राहत नाही. नवीन प्रकरण नव्या पानावर हवं तर कंट्रोल आणि एंटर, किंवा त्याहून चांगलं म्हणजे हेडिंग १ च्या पॅराग्राफ सेटिंगमध्ये "पेज ब्रेक बिफोर" चालू करून टाका.

आता फोटो, म्हणजे तुमचं खरं दुखणं. वर्डमध्ये फोटो बसवायच्या मुख्य रीती दोन. इन लाइन विथ टेक्स्ट म्हणजे फोटो हे एक मोठं अक्षर समजायचं, ते ओळीत बसतं आणि ओळीबरोबर सरकतं. दुसऱ्या रीतीत, म्हणजे स्क्वेअर, टाइट, टॉप अँड बॉटम वगैरेत, फोटो मोकळा असतो आणि मजकूर त्याच्याभोवतीनं जातो. मोकळा असला तरी तो कोणत्या ना कोणत्या परिच्छेदाला बांधलेला असतोच. फोटोवर क्लिक केलं की जवळ जहाजाच्या नांगराचं चिन्ह येतं. आपल्याकडे नांगर म्हटलं की वेगळंच आठवतं, म्हणून त्याला दावणीचा खुंटा समजा. फोटो जनावरासारखा लांबवर फिरताना दिसला तरी दावं त्या खुंट्यालाच असतं. तो परिच्छेद पुढच्या पानावर गेला की फोटोही त्याच्यामागून तिथं जातो, आणि परिच्छेद डिलीट केला की फोटोही जातो. "फोटो आपोआप उडाला" म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याचा खुंटाच उपटलेला असतो. चिन्ह धरून योग्य परिच्छेदावर ओढून ठेवा, म्हणजे ज्या बैठकीचं वर्णन त्याच परिच्छेदाला तिचा फोटो बांधलेला राहील.

तुमच्या अहवालासाठी माझा सल्ला साधा आहे: सगळे फोटो इन लाइन ठेवा. मजकुराच्या कुशीत शिरलेला फोटो मासिकात छान दिसतो, पण तिथं तो बसवायला माणूस असतो. अहवाल तुम्ही शेवटच्या रात्रीपर्यंत बदलत राहणार. इन लाइन फोटो वेगळ्या ओळीत मध्यभागी घेतला की तो पळत नाही, फक्त मजकुराबरोबर खालीवर होतो. फोटोच्या ओळीला कीप विथ नेक्स्ट लावा, म्हणजे खालची ओळख (फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ) त्याला सोडून पुढच्या पानावर जात नाही.

दोन फोटो शेजारी हवेत तर दोन रकान्यांचा, बिनकडांचा तक्ता घ्या. इथं तो १६ चा आकडा. मधे एक सेंटिमीटर सोडला तर प्रत्येकी साडेसात सेंटिमीटर. तक्त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये, ऑप्शन्सखाली, मजकुराप्रमाणे आपोआप आकार बदलायची खूण काढून टाका. मग फोटो टाकला की तो रकान्याच्या मापात स्वतःच लहान होतो. खूण राहिली तर फोटो रकान्याला ढकलून पानाबाहेर जातो. वरच्या ओळीत फोटो, खालच्या ओळीत ओळखी. दोन्ही फोटोंची उंची सारखी करायला क्रॉप, म्हणजे कडा कापायची सोय, वापरा, बाजूचे मधले ठोकळे ओढून ताणू नका. ताणलेल्या फोटोत अध्यक्षताई बुटक्या-रुंद दिसतात आणि त्या अहवालात त्यांना तेवढंच दिसतं.

फोटो व्हॉट्सॲपवर मागवताना डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो बारीक होऊन येतो. छपाईला एका इंचात निदान दोनशे ठिपके हवेत. साडेसात सेंटिमीटर म्हणजे साधारण तीन इंच, म्हणजे सहाशे ठिपक्यांची रुंदी तरी पाहिजे. उलट टोकाला, मोबाइलचे मोठे फोटो जसेच्या तसे भरले तर फाईल इतकी जड होते की ईमेलनं जात नाही. सगळे बसवून झाल्यावर पिक्चर फॉरमॅटमध्ये कॉम्प्रेस पिक्चर्स घ्या, कापलेला भाग काढून टाका ही खूण ठेवा आणि २२० पीपीआय (म्हणजे एका इंचातले ठिपके) निवडा. आधी मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये राखून ठेवा.

आणि कृपा करून फोटो कमी करा. एकाच सभेचे सहा फोटो, सहांत तीच सतरंजी आणि तोच बॅनर, याचा वाचणाऱ्याला उपयोग नाही. डाळ भरडण्याच्या यंत्राजवळ काम करणारी एक बाई दिसली तर तो एक फोटो त्या सहांपेक्षा जास्त सांगतो. ओळखीत "मान्यवर उपस्थित" असं न लिहिता कोण, कुठं, कधी ते लिहा. रेफरन्सेसमध्ये इन्सर्ट कॅप्शन आहे, तिथं "छायाचित्र" आणि "तक्ता" अशी नवी लेबलं करून घेतली की क्रमांक आपोआप पडतात. मधला एक फोटो काढला तर सगळं सिलेक्ट करून एफ ९ दाबायचं, क्रमांक जुळतात.

तक्ते. कर्जवाटपाचा तक्ता दोन-तीन पानं चालणार. त्याची वरची ओळ निवडून टेबल लेआउटमध्ये "रिपीट हेडर रोज" हे बटण दाबा, म्हणजे प्रत्येक पानावर रकान्यांची नावं पुन्हा येतात. हे काम करत नसेल तर दोन गोष्टी बघा. तक्त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट रॅपिंग नन आहे ना, आणि मधे कुणी हाताने पेज ब्रेक मारलेला नाही ना. तिथंच रो या भागात "अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस"ची खूण काढली की एका गटाचं नाव एका पानावर आणि त्याची अर्धी ओळ दुसऱ्यावर असं होत नाही. पाच-सात ओळींचा छोटा तक्ता अजिबात तुटू नये असं वाटत असेल तर शेवटची ओळ सोडून बाकी ओळी निवडून कीप विथ नेक्स्ट लावा.

रकमा उजवीकडून लावा, एककाखाली एकक येऊ द्या. "रुपये" प्रत्येक खान्यात लिहायची गरज नाही, रकान्याच्या नावात एकदा आलं की झालं. सगळ्या बाजूंनी जाड काळ्या रेघा मारलेला तक्ता तुरुंगाच्या गजांसारखा दिसतो. आडव्या बारीक रेघा ठेवा, उभ्या काढा, नावांच्या ओळीला फिकट करडी छटा आणि बेरजेची ओळ जाड. बास.

बारा-चौदा रकान्यांचा तक्ता उभ्या पानात कोंबून अक्षर ८ वर आणू नका. तेवढं पान आडवं करा. त्यासाठी तक्त्याच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे, लेआउटमधल्या ब्रेक्समधून सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज टाका आणि मधल्या भागाला लँडस्केप करा. एकच ब्रेक टाकला तर तिथून पुढचा अख्खा अहवाल आडवा पडतो. आडव्या पानावर हेडर (पानाच्या माथ्यावरची पट्टी) वेगळा हवा असेल तर हेडरमध्ये जाऊन लिंक टू प्रीव्हियस आधी बंद करा, आणि ते मधल्या भागात तसंच त्याच्या पुढच्या भागातही. हा ब्रेक पुढे कधी डिलीट केलात तर वरचा भाग खालच्या भागाचं रूप घेतो, म्हणजे उभी पानं अचानक आडवी होतात. घाबरायचं नाही, कंट्रोल झेड.

शेवटच्या पानावरच्या सह्या. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष ही तीन नावं स्पेसबार दाबून पसरवलेली असतात आणि फॉन्ट बदलला की कोषाध्यक्ष खालच्या ओळीत जातात. तीन रकान्यांचा बिनकडांचा तक्ता करा, डावं, मधलं, उजवं असं लावा. त्याच्या वरच्या परिच्छेदाला कीप विथ नेक्स्ट द्या, कारण नुसत्या सह्यांचं कोरं पान लेखापरीक्षकाला आवडत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

आलेखाबद्दल सरावाला एक उदाहरण देतो. २०११ च्या जनगणनेतली मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या, लाखांत, घ्या: छत्रपती संभाजीनगर ३७.०१, नांदेड ३३.६१, बीड २५.८५, लातूर २४.५४, जालना १९.५९, परभणी १८.३६, धाराशिव १६.५८, हिंगोली ११.७७. इन्सर्टमधून चार्ट घेतला की बहुतेकांचा हात गोल पाय चार्टकडे जातो. या आकड्यांचा पाय चार्ट काढून बघा. जालना आणि परभणीच्या फोडीत जेमतेम अडीच अंशांचा फरक पडतो, डोळ्याला तो दिसत नाही. शिवाय आठ रंग लागतात आणि झेरॉक्समध्ये आठांचे दोन-तीनच करडे होतात. उभे खांब काढले तर "छत्रपती संभाजीनगर" खांबाखाली मावत नाही, वर्ड सगळी नावं तिरपी करतं आणि वाचणारा मान वाकडी करतो. आडवे बार घ्या. नावाला डावीकडे हवी तेवढी जागा मिळते. एकच खोड आहे. आडव्या बारमध्ये यादीतलं पहिलं नाव तळाला येतं. नावांच्या अक्षावर उजवं क्लिक करून फॉरमॅट ॲक्सिसमध्ये "कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर" लावा, मोठा आकडा वर येतो. मग मागच्या जाळीच्या रेघा काढा, लेजंड, म्हणजे रंगांची खूणयादी, काढा कारण मालिका एकच आहे, आकडे बारच्या टोकाला लिहा. सगळे बार एका रंगात आणि परभणीचा तेवढा गडद. तुमच्या अहवालातही गावनिहाय बचत अशीच दाखवता येईल. थ्रीडी आलेख घेऊ नका, त्यात बार कुठं संपतो तेच कळत नाही.

रंग ठरवताना आधी विचारा की शंभर प्रती रंगीत निघणार का. नाही. एक रंगीत प्रत बँकेला, बाकी झेरॉक्स. म्हणून एक गडद रंग निवडा, जांभळा, निळा किंवा गडद हिरवा, आणि तो शीर्षकांना आणि आलेखाला वापरा. पिवळी अक्षरं झेरॉक्समध्ये नाहीशी होतात. लाल आणि हिरवा सारखेच काळपट येतात, म्हणून "हिरवं म्हणजे फेड वेळेवर, लाल म्हणजे थकीत" असं नुसतं रंगावर सोपवू नका, शेजारी शब्दही लिहा. मजकुरामागे संघाचा लोगो वॉटरमार्क म्हणून टाकायची फॅशन आहे. प्रतीची प्रत काढली की तो लोगो मजकुरावर डाग होऊन बसतो. लोगो हेडरमध्ये दीड सेंटिमीटरचा पुरे.

आता तुमची बॉर्डर आणि वर्डआर्ट. फुलांची बॉर्डर लग्नपत्रिकेत शोभते. अहवालात ती प्रत्येक पानाची जागा खाते आणि प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नसल्यानं एखादी बाजू कापून येते. मुखपृष्ठावर हौस भागवा: वर संघाचं नाव, मधे एक मोठा चांगला फोटो, खाली वर्ष. मुखपृष्ठ वेगळ्या सेक्शनमध्ये ठेवून पेज सेटअपच्या लेआउटमध्ये व्हर्टिकल अलाइनमेंट सेंटर केलं की एंटर मारत मजकूर मध्यावर आणावा लागत नाही. वर्डआर्टच्या सावल्या आणि वाकड्या ओळी मराठीत वाचायला त्रास देतात, मी तरी वापरत नाही.

दुकानात जाताना पीडीएफ न्या. सेव्ह ॲजमध्ये पीडीएफ निवडलं की पानं आणि फॉन्ट तुमच्याकडे जसे आहेत तसेच बांधले जातात आणि मोबाइलवर पाठवलं तरी हलत नाहीत. वर्डची फाईलही सोबत ठेवा, पण दुकानदाराला ती उघडून "जरा नीट करून द्या" म्हणू नका. तो घाईत एंटरच मारणार. पीडीएफ झाली की आधी स्वतः मोबाइलवर सगळी पानं बघा आणि एकच प्रत काळी-पांढरी काढून तक्ते वाचता येतात का ते तपासा. वर्ड विकत घेतलेलं नसेल तर लिबरऑफिस रायटर फुकट आहे आणि मराठी चांगलं हाताळतं. तिथं सेक्शन ब्रेकऐवजी पेज स्टाईल बदलून पान आडवं करायचं, बाकी विचार हाच. फक्त एकच फाईल आज यात आणि उद्या त्यात उघडत राहू नका, तक्ते आणि फोटो थोडे थोडे हलतात.

पुस्तिकेचं विचारलंत. करता येते. पेज सेटअपमध्ये मल्टिपल पेजेसला बुक फोल्ड निवडा. ए-४ कागद मधे दुमडून ए-५ ची पानं होतात आणि पानांचा क्रम वर्ड स्वतः लावतं. हे अगदी सुरुवातीला ठरवा, कारण मजकुराची रुंदी १६ वरून साधारण ११ सेंटिमीटरवर येते. मग दोन फोटो शेजारी बसत नाहीत आणि कर्जवाटपाचा तक्ता तर नाहीच. एकूण पानं चारच्या पटीत हवीत, कमी पडली तर मागचं कव्हर कोरं ठेवा. छापताना दोन्ही बाजूंसाठी फ्लिप ऑन शॉर्ट एज निवडायचं, नाहीतर मागचं पान उलटं येतं. तुमच्या अहवालात रुंद तक्ते जास्त आहेत, म्हणून सगळा अहवाल ए-४ मध्येच ठेवा आणि सभेत वाटायला आठ पानांची वेगळी पुस्तिका करा. तिच्यात वर्षभरातल्या कामांचा सारांश, बचतीचा एक आलेख आणि तीन-चार फोटो पुरेत.